भात्याचं चाक

अब्बा गोड बोलायला लागले, तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची काळजी वाटली.

अब्बा म्हणजे माझे सासरे, मौलाली. त्यांचे दिवस भोरच्या एसटी डेपोत मेकॅनिकचं काम करण्यात गेले आणि रात्री आसपासच्या गावांत भजनाला पेटीची साथ करण्यात. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून त्यांचं एकही जेवण तक्रारीवाचून झालेलं मी पाहिलं नव्हतं. भाजी खारट, चहा गोडमिट्ट, पंखा कुरकुरतो, शेजाऱ्याचा रेडिओ बेसूर. मीही काही ऐकून घेणाऱ्यातली नव्हे. आमची जुंपली की माझा नवरा कामरान चपला पायात सरकवून हळूच दुकानात पळायचा. असं सगळं अगदी सुखात चाललं होतं.

मग अब्बांचा डावा खांदा आखडला. हात वर जाईना, मागे तर मुळीच वळेना. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करत राहा, मोकळा होईल, पण घाई करू नका. पेटी वाजवणाऱ्याचा उजवा हात सगळ्यांना दिसतो. पट्ट्यांवर नाचतो तो. पण डावा हात मागे भाता मारत असतो, आणि भाता थांबला की पेटी म्हणजे नुसतं लाकूड. अब्बांनी पेटीवर चादर टाकून ती कपाटावर ठेवायला लावली, आणि त्या दिवसापासून माणूसच बदलला.

"भाजी कशी झालीय अब्बा?"

"चांगली झालीय पोरी."

एकदा मी मुद्दाम आमटीत मीठच घातलं नाही. त्यांनी वाटीभर आमटी पिऊन "झकास" म्हटलं. मी मोरीत जाऊन रडले. भांडणारा माणूस परवडतो हो. सगळ्यालाच बरं म्हणणारा माणूस घरात असून नसल्यासारखा. त्याचं कशातच काही उरलेलं नसतं.

नेमके त्याच उन्हाळ्यात आंबवड्याचे सावळाराम बुवा आमच्या दुकानात आले. हे तिथल्या भजनी मंडळाचे मुख्य गाणारे, आणि अब्बांची त्यांना तरुणपणापासूनची साथ. आमचं दुकान एसटी स्टँडसमोर, घराला लागूनच. आधी कॅसेटींचं होतं, मग सीडीचं झालं, आणि त्या २००७ सालात तर निम्मा गल्ला लोकांच्या मोबाईलमध्ये गाणी भरून देण्यावर चालायचा. आतल्या खोलीत भिंतींना गाद्या ठोकून कामरानने रेकॉर्डिंगची सोय केली होती. कॉम्प्युटर आणि एक माईक, बस्स. कुस्त्यांच्या मैदानाची किंवा नव्या किराणा दुकानाची जाहिरात जीपवर वाजत गावोगाव फिरते ना, ती तिथे तयार व्हायची.

"कामरान, मंडळाची सीडी काढायची," बुवा म्हणाले. "म्या गातोय तवर काढा."

"काढू की बुवा."

"पेटी मौलाभाईची."

अब्बा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. "बुवा, म्या पेटी सोडली. खांदा चालंना. नसरापुरातल्या आनंदरावाला घ्या, चांगला वाजवतो त्यो."

"लई चांगला वाजवतो, म्हनून तर नगं," बुवा म्हणाले. "मौलाभाई न्हाई तर सीडी न्हाई. म्या तोंडच उघडणार न्हाई." आणि मी आणलेला चहा तसाच ठेवून निघून गेले. मला वाटलं, म्हाताऱ्यांचे रुसवे. चहा वाया गेला म्हणून अब्बांनी साधी कुरकुरही केली नाही.

त्या दिवशी मी ठरवलं, काही झालं तरी या माणसाला पेटीवर बसवायचं.

पहिला उपाय मीच काढला. पेटी खाली उतरवली, अब्बांना उजव्या हाताने वाजवायला सांगितलं आणि पलीकडे बसून भाता मी मारायला लागले. एका भाकरीला दोघींचे हात लागावेत तसा प्रकार झाला. त्यांना सूर लांबवायचा असे तेव्हा माझा हात थांबे, आणि त्यांना थांबायचं असे तेव्हा माझा जोर चाललेला. पण त्यातून मला एक कळलं. मी हात हलका केला की सूर मिटत जायचा, जोर लावला की फुगायचा. सूर बोटं निवडतात, पण त्यात जीव घालायचं काम भात्यावरच्या हाताचं.

"ऱ्हाऊ दे पोरी, तुझा हात दुखंल," अब्बा म्हणाले. एरवी त्यांनी मला उभी सोलली असती.

दुसरा उपाय कामरानचा. वरव्याच्या धनाजीचा ऑर्केस्ट्रा होता, त्याच्याकडून त्याने मोठा की-बोर्ड मागून आणला. त्याला भाता नाही, बटण दाबलं की पेटीचा आवाज येतो. अब्बांनी मिनिटभर वाजवला. सूर सुरू झाला की संपेपर्यंत एकसारखा, ना कमी ना जास्त. त्यांनी हात काढून घेतला. "हिला श्वास न्हाई," एवढंच म्हणाले, तेही अगदी हळू, की-बोर्डला वाईट वाटू नये अशा बेताने.

आता तिसरा उपाय. कामरानच्या कॉम्प्युटरमध्ये गाणी तयार करायचं सॉफ्टवेअर होतं. त्यात तो माऊसने एकेक सूर टिपत बसायचा, तांदळातले खडे निवडावेत तसा. अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीला दोन-दोन दिवस. त्याला बरेच दिवस मिडी की-बोर्ड हवा होता. मला त्याने समजावून सांगितलं की या की-बोर्डला स्वतःचा आवाजच नसतो. कोणती पट्टी दाबली एवढं तो कॉम्प्युटरला कळवतो, आणि आवाज कॉम्प्युटर काढतो. पेटीचा म्हणाल तर पेटीचा, बासरीचा म्हणाल तर बासरीचा.

"आणि श्वास?" मी विचारलं.

"त्ये बघू," कामरान म्हणाला. 'बघू' हा माझ्या नवऱ्याचा आवडता शब्द. त्या महिन्यात माझी भिशी लागली होती, म्हणून मी म्हटलं की बघू वगैरे काही नाही, पुण्याला मी येणार आणि निवडणार मी.

पुण्यातलं वाद्यांचं दुकान बुधवार पेठेत होतं. दुकानदाराने काउंटरवर तीन की-बोर्ड मांडले. कामरान लगेच सगळ्यात लहानावर लट्टू झाला. पंचवीस पट्ट्यांचा, चिमुकला, बॅगेत मावणारा आणि सगळ्यात स्वस्त.

"पंचवीस पट्ट्यांत भजन कसं मावेल?" मी म्हटलं. "बुवा वरच्या सुराला गेले की अब्बांचं बोट टेबलावर आपटंल."

दुसरा एकसष्ट पट्ट्यांचा, जुना, पण स्वतःचा आवाज आणि स्पीकर असलेला. दुकानदार म्हणाला, "वहिनी, हा घ्या, लोडशेडिंगमध्येसुद्धा सेलवर चालेल." तो माझ्या भिशीत बसत नव्हता, शिवाय धनाजीच्या की-बोर्डचाच तो सख्खा भाऊ.

"पेटीवाला एका हातानं वाजवतो," मी म्हटलं. "बाकीच्या पट्ट्यांवर म्या काय पापड वाळत घालू?"

मधला एकोणपन्नास पट्ट्यांचा होता. दिसायला साधा, डावीकडे दोन लहान चाकं. मी दुकानदाराला विचारलं, यात आवाज कमीजास्त कसा करायचा?

"अगदी सोपं. पट्टी जोरात दाबा, मोठा येईल. हळू दाबा, लहान."

"पेटीची पट्टी जोरात दाबली तर बोट दुखतं, आवाज वाढत न्हाई," मी म्हटलं. "पट्टी दाबून धरलीय, सूर चालू हाय, आन् मधेच वाढवायचाय. मग?"

दुकानदाराने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. मग डावीकडच्या एका चाकावर बोट ठेवलं. "या चाकानं होईल. मात्र सॉफ्टवेअरमध्ये तसं सेट करून घ्यावं लागतं."

"येतं का तुमाला?" मी कामरानला विचारलं.

कामरानने होकारार्थी मान हलवली. हा माणूस डोळ्यांच्या डॉक्टरकडे अक्षरं दिसत नसली तरी मान हलवतो, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं. घेतला की-बोर्ड. कात्रजच्या घाटात मी तो मांडीवर तान्ह्या पोरासारखा धरून बसले होते, आणि कापूरहोळला गाडी भोरच्या रस्त्याला वळली तेव्हा मला उगाचच वाटायला लागलं की झालं काम.

बाजारचा दिवस होता. बुवा बाजारासाठी भोरला आले होते, त्यांना निरोप गेला, तेही आले. अब्बा की-बोर्डसमोर बसले. "बस म्हनतीस तर बसतो की," असं गोडच बोलून बसले. कामरानने कॉम्प्युटरमध्ये पेटीचा आवाज लावला. अब्बांनी पट्टी दाबली. सूर खरंच पेटीसारखा आला. त्यांची भुवई जराशी वर गेली आणि मी बुवांकडे बघून हसले. मग त्यांनी डावा हात चाकावर ठेवून ते पुढे ढकललं.

सूर थरथरायला लागला. वाढला नाही, कमी झाला नाही, नुसता थरथरत राहिला. भुकेल्या शेळीसारखा.

"पेटी न्हवं ह्यी, शेरडू हाय," बुवा म्हणाले आणि हसले. पण ते हसू लगेच आटलं. अब्बा उठले. "चांगली हाय," ते म्हणाले. "कामरानच्या जाहिरातींना हुईल." बुवांनी पिशवी खांद्याला अडकवली आणि ते स्टँडकडे निघाले. पाठीत एवढं वाकलेलं मी त्यांना त्याआधी बघितलं नव्हतं.

मग मी कामरानला धारेवर धरलं. "मान हलवली हुती ना तुमी? कशाला हलवली हुती?" त्याने दुकानदाराला फोन लावला. खोकं फोडल्यावर माल परत घेत नाही, असं उत्तर आलं. माझी भिशी, बुवांची सीडी, अब्बांचं 'चांगली हाय', सगळं एका जागी येऊन बसलं आणि मला इतकी भीती वाटली की भांडायचीसुद्धा ताकद राहिली नाही. वाटलं, आता हा माणूस असाच गोड बोलत बोलत संपून जाणार.

कामरान मात्र कॉम्प्युटरपुढून हलेना. लाईट गेली, आली, परत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला सापडलं. चाकाला आधीपासूनच एक काम नेमून दिलेलं असतं, सूर थरथरवायचं. ते काम काढून आवाज वाढवायचं काम देता येतं. त्याने ते दिलं. मी एक पट्टी दाबून धरली, चाक ढकललं, आणि सूर फुगला. परत ओढलं, मिटला. भात्यासारखा. मी ओरडलेच.

पण अब्बा येईनात. "बघू नंतर," म्हणाले. आता हेही 'बघू' म्हणायला लागले. मग मी वेगळी वाट धरली. जन्म डेपोत काढलेल्या माणसाला गाणं ऐकायला बोलावलं तर तो येईल न येईल, पण बिघाड म्हटलं की उठतो.

"अब्बा, त्या यंत्राचं चाक बिघडल्यागत वाटतंय. जरा बघता का?"

चष्मा लावून आले. बसले. उजव्या हाताने पट्टी दाबली, डाव्याने चाक ढकललं, सोडलं. परत ढकललं, सोडलं. मी दारात उभी होते. कामरान माझ्याकडे बघत होता.

"ह्यात स्प्रिंग न्हाई," अब्बा म्हणाले.

"न्हाई म्हंजी?" कामरानने विचारलं.

"ढकललं तितंच ऱ्हातंय. भाता कदी तितंच ऱ्हातो व्हय? भाता परत येतो, म्हनून हात परत जातो. ह्या चाकाला कोन सांगनार परत यायला?" त्यांनी शेजारच्या दुसऱ्या चाकाला बोट लावलं. ते ढकललं की सोडल्याबरोबर टुणकन मधोमध यायचं. "ह्येला हाय स्प्रिंग. ह्येचं काम काय?"

"त्ये सूर सरकवतं अब्बा. वर, खाली."

"सूर सरकवून काय करू? काढ त्येचं काम. भात्याचं काम ह्येला दे."

"तसं सहजासहजी हुत न्हाई..."

"हुत न्हाई?" अब्बांचा आवाज चढला. "दुकान घालून बसलाय आन् एका चाकाचं काम दुसऱ्याला देता येत न्हाई? डेपोत असतास तर आठ दिसात घरी बसवला असता तुला! आन् ह्ये यंत्र इतक्या वर का ठिवलंय? म्या काय उभ्यानं वाजवू? खाली घे त्ये. फौजिया, उभी काय ऱ्हायलीस, चहा टाक. साखर जरा हात आखडून टाक, सरबत करतीस नुसतं."

मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. आतून अब्बांचं खेकसणं चालूच होतं, आता वायर कुठून नेली यावर. ज्याला वाजवायचंच नाही तो स्प्रिंग कशाला शोधील? मी हसत होते की रडत होते मला कळलं नाही, पण साखर मात्र मी होती तेवढीच टाकली. उगाच माजवायचं नसतं.

दुसऱ्या चाकाला भात्याचं काम द्यायला कामरानला दोन दिवस लागले आणि शिव्या मोजता येणार नाहीत इतक्या. मग अब्बा रोज दुपारी आतल्या खोलीत बसायला लागले. की-बोर्ड जमिनीवर पाटावर, मांडी घालून, डावं कोपर पोटाशी. खांदा हलवावा लागतच नव्हता. मनगट टेकवलेलं आणि दोन बोटं चाकावर. बाहेरून ऐकलं तर जुनी पेटीच. मी बुवांना पुन्हा निरोप धाडला.

बुवा आले ते गेनबाला घेऊन. गेनबा मंडळाचा पखवाजवाला. पण कामरान म्हणाला, पखवाज आणि टाळ उद्या घेऊ, आज नुसते बुवा आणि पेटी. गेनबा माझ्याशेजारी बसला, आमच्या दोघांत एकच हेडफोन, एकेका कानाला. शटर ओढलं. अब्बांनी एक हेडफोन घातला, बुवांनी टोपीवरूनच दुसरा चढवला आणि म्हणाले, "मौलाभाई, शेरडू न्हाई ना वराडणार?"

"तुमी वराडू नका म्हंजी झालं," अब्बा म्हणाले.

अभंग सुरू झाला. मला गाण्यातलं फार कळत नाही, पण बुवांचा आवाज कसा होता ते मला माहीत होतं. लग्न झालं त्या वर्षी आंबवड्याच्या देवळात ऐकलेला, पारावर बसलेल्याला उठवून आत आणणारा. अजूनही तोच वाटला. वरच्या ओळीला गेले, तिथे तो जरा लांब राहिला आणि पेटीच्या सुरात मिसळून खाली आला. छान झालं. गेनबाने मान डोलावली.

कामरानने ते परत लावलं आणि सगळे ऐकायला बसले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर वरच्या पट्ट्यात बुवांचा आवाज दिसत होता, सुपातल्या धान्याच्या राशींसारखा, कुठे जाड कुठे बारीक. खालच्या पट्ट्यात एक रेघ होती, अब्बांच्या चाकाची. कुठे किती दाबलं, ते त्या रेघेत उमटलेलं. वरची ओळ आली, तसा कामरान माझ्याकडे वाकला आणि पडद्यावर बोट ठेवून हळूच म्हणाला, "हितं बघ."

बुवांचा आवाज तिथे सुतासारखा बारीक झाला होता. एका जागी तर जवळजवळ नव्हताच. दम संपलेला. आणि त्याच जागी, खालच्या पट्ट्यात, अब्बांची रेघ चढत गेली होती. बुवा संपायच्या जरा आधी चढायला लागली, ते नव्हते तेवढा वेळ वर राहिली, आणि त्यांना परत श्वास मिळाल्यावर हळूहळू खाली आली. पुढे प्रत्येक कडव्यात तेच. मला बुवांचं बोलणं आठवलं. आनंदराव लई चांगला वाजवतो, म्हणून नको. तो आपलं वाजवून मोकळा झाला असता, आणि बुवा सगळ्या मंडळासमोर उघडे पडले असते. बुवांना याचीच भीती होती. अब्बांना तर सगळं ठाऊक होतं, किती वर्षांपासून कोण जाणे. आणि तरी चादर टाकून बसायची वेळ आली तेव्हा दोघांनीही कुणाला काही सांगितलं नव्हतं.

कामरानने माऊस धरला. "एवढी जागा परत गाऊन घेऊ," तो कुजबुजला. "न्हाईतर म्या दुरुस्त करतो, बुवांचा आवाज तितं जरा वाढवतो."

अब्बांनी एका कानावरचा हेडफोन बाजूला केला. खेकसले नाहीत.

"हात लावू नगंस," ते म्हणाले. "तितं म्या हाय."

बुवा डोळे मिटून ऐकत होते. अभंग संपला तेव्हा त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला, टोपी सारखी केली, आणि त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला होता की माझ्याच छातीवरचं ओझं उतरलं.

"मौलाभाई, म्या लई भ्यालो हुतो," ते म्हणाले. "पर अजून चढतो की आवाज."

"चढतो की," अब्बा म्हणाले. त्यांची दोन बोटं चाकावरच होती. "पुढला घ्या, बुवा."

कामरानने माऊसवरचा हात काढला, बुवांनी हेडफोन परत टोपीवर चढवला आणि आम्ही दुसरा अभंग सुरू केला.